चढण, उतार आणि दोन गतींचा आस

श्रमिकांविषयीचे साहित्य शिकवताना एक गोष्ट आमच्या वारंवार लक्षात आली आहे. कामगाराचे दारिद्र्य, त्याचे शोषण, त्याचा संताप आणि त्याची संघटना यांविषयी विद्यार्थी भरभरून लिहितात. परंतु तो कामगार नेमके कोणते काम करीत होता आणि ते करण्यासाठी त्याला काय काय ठाऊक असावे लागत होते, या प्रश्नापाशी उत्तरपत्रिका थबकतात. दोष केवळ विद्यार्थ्यांचा नाही. श्रम म्हणजे वेदना हे समीकरण आपल्या समीक्षेच्या परिभाषेला सहज सुचते; श्रम म्हणजे ज्ञान हे समीकरण मात्र मुद्दाम मांडावे लागते.

ते मांडण्यासाठी प्रस्तुत लेखात आम्ही एक साहित्यबाह्य वाटणारे उदाहरण घेत आहोत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील ट्रकांना दोन गतींचा मागील एक्सल बसवला जाऊ लागला. बैलगाडीच्या दोन चाकांना जोडणारा जो आस, त्याचाच हा दूरचा, लोखंडी आणि गुंतागुंतीचा वंशज. या आसाची गती चालकाने चालत्या ट्रकमध्ये बदलायची असे. ही बदलण्याची रीत, तिचा उदय आणि तिचा अस्त यांचा इतिहास पाहिला, तर यंत्राचा किती भाग धातूत असतो आणि किती भाग माणसाच्या अंगात, हे स्पष्ट दिसते.

यंत्राची रचना

इंजिनाची शक्ती गिअरबॉक्समधून आणि पुढे प्रोपेलर शाफ्टवाटे मागच्या चाकांकडे जाते. शाफ्टच्या टोकाला असलेले पिनियन हे लहान दंतचक्र तेथे क्राउन व्हील या मोठ्या दंतचक्राला फिरवते. चाकाचा एक फेरा होण्यासाठी शाफ्टला किती फेरे घ्यावे लागतात, ते या दोन चक्रांच्या दात्यांवरून ठरते. साध्या एक्सलमध्ये हे प्रमाण कायमचे ठरलेले असते. ते मोठे ठेवले तर ट्रक चढण चढतो, पण सपाटीवर रांगतो. लहान ठेवले तर सपाटीवर धावतो, पण चढणीवर धापा टाकतो.

दोन गतींच्या एक्सलमध्ये ही निवड कारखान्यात होऊन संपत नाही, ती चालकाच्या हाती राहते. ईटन पद्धतीच्या एक्सलमध्ये क्राउन व्हीलच्या आतल्या बाजूलाही दाते असतात. त्यांत चार लहान ग्रहचक्रे गुंतलेली असतात आणि मध्यभागी एक सूर्यचक्र असते. सूर्यचक्र एक्सलच्या कवचाशी जखडले की ग्रहचक्रे त्याच्याभोवती चालू लागतात आणि चाके क्राउन व्हीलपेक्षा सावकाश फिरतात. ही खालची श्रेणी. तेच सूर्यचक्र सरकवून ग्रहचक्रांच्या चौकटीशी जोडले की सारी ग्रहमाला एकसंध होऊन क्राउन व्हीलबरोबर फिरते. ही वरची श्रेणी. एका प्रचलित जोडीत ही प्रमाणे ५.८३ आणि ८.११ अशी होती. म्हणजे खालच्या श्रेणीत शाफ्टला सुमारे १.३९ पट अधिक फेरे घ्यावे लागत.

१.३९ हा आकडा दिसायला किरकोळ आहे. त्याचे महत्त्व गिअरबॉक्सशेजारी ठेवल्यावर कळते. त्या काळातील चार गतींच्या एका गिअरबॉक्सची प्रमाणे सुमारे ६.४, ३.१, १.७ आणि १ अशी धरू. तिसऱ्या गिअरवरून चौथ्यावर जाताना इंजिनाचा वेग एकदम १.७ पटींनी उतरतो. भरलेला ट्रक चढणीवर असेल, तर एवढ्या मोठ्या उडीत इंजिन दम सोडते. डोक्यावर ओझे घेऊन जिना चढणाऱ्याला पायऱ्या फार उंच असून चालत नाही. मध्ये अर्धी पायरी लागते. दोन गतींच्या एक्सलने ती पुरवली. तिसरा गिअर खालच्या श्रेणीत, तिसरा वरच्या, चौथा खालच्या आणि चौथा वरच्या श्रेणीत, असा क्रम लावला तर एकूण प्रमाणे अनुक्रमे २.४, १.७, १.४ आणि १ अशी उतरत जातात. चार गतींचा ट्रक आठ गतींचा झाला, आणि त्यासाठी नवे इंजिन किंवा नवा गिअरबॉक्स घ्यावा लागला नाही.

गरजेचा भूगोल

या अर्ध्या पायरीची गरज कोठे निर्माण झाली, हे कॅलिफोर्नियातील ‘रिज रूट’ या रस्त्याच्या उदाहरणाने समजून घेता येईल. लॉस एंजेलिसला डोंगरापलीकडच्या बेकर्सफील्डशी जोडणारा हा रस्ता १९१५ मध्ये खुला झाला. डोंगराच्या धारेवरून तो जात असे आणि त्याच्यावर ६९७ वळणे होती असे सांगितले जाते. वेगमर्यादा होती ताशी १५ मैल. १९३३ मध्ये अधिक सरळ रस्ता तयार झाला, तरी ग्रेपवाइनची चढण उरलीच. पलीकडच्या सॅन वाकीन खोऱ्यातील फळे आणि भाज्या लॉस एंजेलिसच्या बाजारात पोचवायच्या, तर हा डोंगर ओलांडणे भाग होते.

त्या काळातील इंजिनांची ताकद आजच्या वाचकाला विस्मयकारक वाटेल इतकी थोडी होती. १९०८ ते १९२७ या काळात निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी मोटारीचे इंजिन अवघे २० अश्वशक्तीचे होते आणि तिला पुढे जाण्यासाठी दोनच गती होत्या. १९१७ पासून मिळू लागलेल्या मॉडेल टीटी या एक टनी ट्रकलाही तेच इंजिन होते. चढणीपुढे हतबल झालेल्या या यंत्राची सर्वांत गमतीदार नोंद एका कादंबरीत आहे. जॉन स्टाइनबेकच्या ‘कॅनरी रो’मध्ये (१९४५) मॉडेल टीच्या एका जुनाट ट्रकला कार्मेलची चढण सरळ चढता येत नाही, तेव्हा तो वळवून उलटा, मागल्या गतीने वर नेला जातो. हा प्रसंग लेखकाच्या कल्पनेचा खेळ आहे असे साहित्याच्या विद्यार्थ्याला वाटण्याचा संभव आहे. वस्तुतः मॉडेल टीची मागे जाण्याची गती तिच्या पहिल्या गतीपेक्षाही जोरकस होती आणि पेट्रोल टाकीतून इंजिनाकडे केवळ उताराने वाहत असे. ट्रक उलटा केला की अधिक जोर मिळे आणि पेट्रोलही पोचे. अनेक चालकांना हे ठाऊक होते. स्टाइनबेकचा विनोद त्या सामायिक ज्ञानावर उभा आहे. ते ज्ञान वगळून तो वाचला तर हसू येते, पण अर्धेच.

अशा मोटारींसाठी ग्लोव्हर रकस्टेल या कॅलिफोर्नियाच्या माणसाने दोन गतींचा एक्सल आणला. तो स्वतः मोटारशर्यतींत उतरलेला होता. त्याचा एक्सल बर्कली येथील हॉल-स्कॉट कंपनीत तयार होत असे आणि फोर्डच्या संमतीने विकला जाई. तो बसवला की मॉडेल टीच्या दोन गतींच्या चार होत. दुसरा धागा पूर्वेकडचा. जोसेफ ईटन याने १९११ मध्ये व्हिगो टोर्बेन्सन याच्यासह न्यू जर्सीत ट्रकच्या एक्सलचा कारखाना काढला आणि १९१४ मध्ये तो क्लीव्हलंडला हलवला. पुढे १९३० नंतरच्या दशकांत मध्यम वजनाच्या ट्रकांवर दोन गतींचा एक्सल म्हटले की ईटनचे नाव घेतले जाऊ लागले. ब्रिटनमध्येही बेडफर्डसारख्या ट्रकांना असा एक्सल मागणीनुसार मिळत असे.

बदलण्याची रीत

आता मूळ मुद्द्याकडे वळू. श्रेणी बदलण्याचे साधन प्रारंभी दांडा होते. नंतर इंजिनातील निर्वात दाबाचा उपयोग झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर विजेची मोटर आली. चालकाच्या हाताखाली गिअरच्या दांड्यावर एक लहान बटण असे, बहुतेकदा लाल. ते वर ओढले की वरची श्रेणी, खाली दाबले की खालची.

एवढे वाचून कोणालाही वाटेल की यात शिकण्यासारखे काही नाही. परंतु बटण हलवल्याबरोबर एक्सल बदलत नाही. विजेची मोटर फक्त एक स्प्रिंग ताणून ठेवते. इंजिनाचा जोर दात्यांवर असेपर्यंत दाते एकमेकांत घट्ट रुतलेले असतात आणि ती स्प्रिंग त्यांना सोडवू शकत नाही. बटणाने चालकाची इच्छा तेवढी नोंदवली जाते. ती अमलात येण्यासाठी दात्यांवरचा भार क्षणभर उतरवावा लागतो, आणि तो चालकाच्या पायानेच उतरतो.

वरच्या श्रेणीत जायचे तर पाय ॲक्सिलरेटरवर असतानाच बटण वर ओढायचे, मग पाय उचलायचा आणि थांबायचे. इंजिनाचा वेग उतरत येतो, नव्या श्रेणीला हवा तेवढा झाला की दाते गुंततात, आणि तेव्हा पुन्हा पाय द्यायचा. खालच्या श्रेणीत येताना प्रकार उलटा. बटण खाली दाबायचे, ॲक्सिलरेटर दाबलेलाच ठेवायचा आणि क्लच चटकन दाबून चटकन सोडायचा. ट्रकचा वेग तोच राहून शाफ्टचा वेग मात्र १.३९ पटींनी वाढायला हवा असतो. वरच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेत असेल, तर खालच्या श्रेणीत ते २५०० घेऊ लागले पाहिजे. आणि हे सर्व ट्रक चढणीवर वेग गमावत असताना.

यापेक्षा अवघड होते गिअर आणि एक्सल एकाच वेळी बदलणे. तिसऱ्या गिअरच्या वरच्या श्रेणीतून चौथ्याच्या खालच्या श्रेणीत जाताना हात गिअर वर नेतो आणि त्याच हाताचे बोट एक्सल खाली आणते. दोन क्रिया परस्परविरुद्ध. त्यांची गोळाबेरीज मात्र एक लहानसे पाऊल पुढे. त्यातच अनेक जुन्या ट्रकांच्या गिअरबॉक्समध्ये चक्रांचे वेग आपोआप जुळवणारी सिंक्रोमेश यंत्रणा नसे, म्हणून क्लच दोनदा दाबून वेग जुळवण्याचे काम पायालाच करावे लागे. त्या एका क्षणात कान इंजिनाचा सूर ऐकत असे, तळहात दांड्याची थरथर जोखत असे आणि डोळे रस्त्यावर असत.

चूक झाली तर? दोन्ही श्रेणींच्या मधोमध एक जागा अशी असते जिथे चाकांचा इंजिनाशी संबंधच तुटतो. चढणीवर असे झाले तर ट्रक थांबतो आणि मागे घरंगळू लागतो. उतारावर झाले तर इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि भरलेल्या ट्रकचा सगळा भार ब्रेकवर येतो. म्हणूनच उतार सुरू होण्याआधीच श्रेणी निवडावी आणि उतारावर ती कदापि बदलू नये, असा नियम चालकांना बजावला जाई. आणखी एक बारकावा असा की अनेक जुन्या ट्रकांचा हातब्रेक चाकांवर नसून प्रोपेलर शाफ्टवर असे. एक्सल मधल्या जागी अडकला असेल, तर हातब्रेक ओढूनही ट्रक जागचा हलू शकतो, कारण शाफ्ट धरून ठेवला तरी चाके मोकळीच असतात. ‘ब्रेक लावला आहे’ आणि ‘ट्रक उभा आहे’ ही दोन विधाने समानार्थी नाहीत, हे तो चालक जाणत असे.

पुस्तिका आणि कादंबरी

हे ज्ञान शब्दांत कोठे उतरले? पहिले ठिकाण म्हणजे चालकासाठीच्या सूचना-पुस्तिका. त्यांची वाक्ये आज्ञार्थी आणि आटोपशीर असतात: बटण दाबा, क्लच दाबा, सोडा. ती सर्व खरी आहेत. परंतु ‘चटकन’ म्हणजे किती चटकन, हे पुस्तिका सांगू शकत नाही. कारण ते ट्रकच्या ओझ्यावर, चढणीवर, तेलाच्या घट्टपणावर आणि त्या विशिष्ट ट्रकच्या झिजेवर अवलंबून असते. मायकेल पोलानी याने ‘पर्सनल नॉलेज’ (१९५८) या ग्रंथात सायकल चालवण्याचे उदाहरण घेऊन दाखवले आहे की तोल सावरण्याचा भौतिक नियम सायकलस्वाराला सांगता येत नाही, आणि तो नियम पाठ केल्याने सायकलही येत नाही. सांगता येते त्यापेक्षा माणसाला अधिक ठाऊक असते. पुस्तिकेतील क्रियाविशेषणे या अधिकाच्या सीमेवर उभी असतात.

दुसरे ठिकाण कादंबरी. स्टाइनबेकच्या ‘द ग्रेप्स ऑफ रॉथ’मध्ये (१९३९) जोड कुटुंब हडसन मोटार कापून बनवलेल्या ट्रकमधून कॅलिफोर्नियाकडे निघते. या कादंबरीचे विवेचन करताना दुष्काळ, विस्थापन, बँका आणि बागायतदार यांविषयी बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. पण सोळा वर्षांचा अल जोड ट्रक चालवताना ज्या रीतीने कान देऊन बसतो, बेअरिंग जळाल्यावर वाटेतच दुरुस्ती कशी होते, याचे तपशील स्टाइनबेकने फुरसतीने दिले आहेत. कुटुंबात अलचे स्थान त्याच्या वयाने ठरत नाही, त्याच्या यंत्रज्ञानाने ठरते. प्रवासातला अधिकार ज्येष्ठांकडून जाणकारांकडे कसा सरकतो, हे सामाजिक सत्य कादंबरीने गिअर, तेल आणि बेअरिंग यांच्या भाषेतून सांगितले आहे. तो भाग तांत्रिक म्हणून ओलांडून जाणारा वाचक कादंबरीच्या समाजशास्त्राचाच एक धागा सोडतो.

फ्रेझ्नोत वाढलेला ए. आय. बेझेरिडीज हा कादंबरीकार तर स्वतः भाजीपाल्याच्या ट्रकांच्या जगातून आलेला. त्याच्या ‘लाँग हॉल’ (१९३८) या कादंबरीवरून राउल वॉल्शने ‘दे ड्राइव्ह बाय नाइट’ (१९४०) हा चित्रपट केला. १९३५ च्या मोटर कॅरिअर कायद्याने आंतरराज्य मालवाहतूक परवान्यांच्या चौकटीत आणली. प्रक्रिया न केलेल्या शेतमालाला मात्र सूट दिली. स्वतःचा एक ट्रक घेऊन फळे वाहणाऱ्या लहान चालकाला तेवढी फट उरली. चित्रपटात हप्ते, दलाल आणि झोप हे त्याचे तीन शत्रू दिसतात. झोपेमुळे झालेल्या अपघातात एका भावाचा हात जातो. तुटलेला हात पडद्यावर परिणामकारक ठरतो. तो हात रात्रभर काय करीत होता, हे मात्र पडद्यावर फारसे येत नाही. आम्हांला हा फरक महत्त्वाचा वाटतो, कारण हात गमावण्यातली हानी केवळ देहाची नसते. वर्षानुवर्षे त्या हातात साठलेले शहाणपणही त्याच्याबरोबर जाते.

कौशल्याचा अस्त

१९५६ च्या महामार्ग कायद्यानंतर अमेरिकेत आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभे राहू लागले. डोंगर कापून चढणी सौम्य झाल्या. इंजिने अधिक ताकदीची झाली. अर्ध्या पायऱ्या गिअरबॉक्सच्याच पोटात बसवता येऊ लागल्या आणि त्या बदलण्यासाठी दाबाखालची हवा वापरली जाऊ लागली. येथे इतिहासाचा एक वक्र योगायोग आहे: गिअरबॉक्स बनवणारी फुलर कंपनी १९५८ मध्ये ईटननेच विकत घेतली. ज्या नावाने दोन गतींचा एक्सल ओळखला जाई, त्याच नावाखाली अवजड ट्रकांत त्याची गरज कमी करणारे गिअरबॉक्स निघाले. ईटनचा अवजड एक्सलचा व्यवसाय १९९८ मध्ये डाना कंपनीकडे गेला आणि २०१७ मध्ये ईटनने कमिन्सबरोबर स्वयंचलित गिअरबदलासाठी भागीदारी केली. इंजिनाचा वेग जुळवण्याचे जे काम एकेकाळी चालकाचा कान आणि पाय करीत, ते आता संगणक करतो.

याबद्दल हळहळ व्यक्त करणे हा आमचा हेतू नाही. ग्रेपवाइनच्या उतारावर अर्धवट गुंतलेल्या एक्सलसह सापडलेल्या माणसाला जुन्या कौशल्याचे काव्य सुचले नसते. स्वयंचलनाने धोका आणि थकवा कमी केला, हे मान्य करूनच प्रश्न विचारायचा आहे. चालकाच्या अंगातले ज्ञान यंत्रात गेले तेव्हा ते ज्ञान होते याची नोंद कोणी ठेवली? शोधकाचे एकस्व नोंदवले जाते, कंपनीची खरेदी-विक्री नोंदवली जाते. अर्ध्या क्षणात १८०० चे २५०० करणाऱ्या पायाचे बखरकार मात्र फार थोडे असतात. ज्यांनी असे जुने ट्रक सांभाळून चालते ठेवले आहेत, त्यांच्याकडे ही रीत आजही करून दाखवण्यापुरती जिवंत आहे. पण करून दाखवणे माणसाबरोबर संपते.

आपल्या वाचनापुरते

मराठीत अशा नोंदीची परंपरा नाही असे नाही. रिज रूट खुला झाला त्याच १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाला. बलुतेदारांची कामे, त्यांचे हक्क आणि त्यांचे शब्द यांचा तो ऐवज आज आपण समाजशास्त्र म्हणून वाचतो, तसाच तो कौशल्यांचा कोश म्हणूनही वाचता येतो. नारायण सुर्वे यांच्या १९६६ च्या संग्रहाचे ‘माझे विद्यापीठ’ हे शीर्षकही वाचकाला आव्हान देणारे आहे. विद्यापीठ म्हटले की तेथे काही शिकले गेले असले पाहिजे. आपण त्या शब्दातला उपरोध आणि अभिमान शिकवतो. त्यातला अभ्यासक्रम शिकवतो का?

श्रमाविषयीची कोणतीही संहिता हाती घेताना तीन साधे प्रश्न विचारावेत, अशी आमची सूचना आहे. या माणसाच्या हातातले अवजार त्याला कोणत्या खुणा देते? त्या खुणा ओळखायला तो कोणाकडून शिकला? आणि त्या ओळखल्या नाहीत तर काय होते? माग, भट्टी, नांगर, चूल, जात्याचा खुंटा, छापखान्यातले खिळे, सर्वत्र हे प्रश्न लागू पडतात. त्यांची उत्तरे मिळू लागली की पात्राचे दुःख उणावत नाही, उलट त्याला वजन येते. कारण आता ते एका जाणत्या माणसाचे दुःख असते. त्या माणसाला किती मजुरी मिळाली हे इतिहासकार शोधून काढील. त्या मजुरीत त्याचे कोणते ज्ञान फुकट गेले, हे शोधणे साहित्याच्या अभ्यासकाचे काम आहे.